वीस पावलं आधी

१

शनिवारी सकाळी नऊ वाजून सात मिनिटांनी माझ्या भाचीची पिवळी गाडी भैरव मोडाच्या बाहेरच्या कडेला रचलेल्या टायरांच्या भिंतीत जाऊन घुसली. मोठा आवाज झाला, धूळ उडाली, आणि माझ्या हातातला चहाचा ग्लास कधी पडला ते मला अजूनही सांगता येत नाही. धुळीतून आधी एक हेल्मेट बाहेर आलं, मग दोन हात. मुक्ता स्वतःच्या पायांवर उभी राहिली तेव्हा मी मोठ्याने देवाचं नाव घेतलं आणि त्याच दमात तिला एक शिवीही दिली.

मी रजनी. रेल्वेत रुळांची तपासणी करण्यात माझी हयात गेली. त्या कामावर आमच्या विभागात मी एकटीच बाई होते, त्यामुळे उन्हात चालायची आणि पुरुषांशी भांडायची, अशा दोन्ही सवयी पक्क्या आहेत. मुक्ता माझ्या धाकट्या भावाची, श्रीधरची मुलगी. वय बावीस. श्रीधर बँकेतून निवृत्त झाला आहे आणि गावातल्या देवास गेटपासून घरापर्यंत ब्रेकवर पाय ठेवूनच गाडी चालवतो. अशा माणसाच्या पोटी अशी मुलगी कशी आली, हा आमच्या घरातला जुना प्रश्न आहे.

भेरूगढच्या पुढे, क्षिप्रेपलीकडे, एका बंद पडलेल्या कारखान्याने गाड्यांच्या चाचणीसाठी बांधलेला सव्वादोन किलोमीटरचा रस्ता आहे. चार वर्षांपासून तिथे शर्यती होतात. एका वेळी एकच गाडी धावते, सगळं भांडण घड्याळाशी. त्यात भैरव मोड हे डावीकडे वळणारं लांबलचक वळण. गाडी तिथे ताशी एकशे चाळीसने येते आणि झाडून सगळे ड्रायव्हर तिथे पाय उचलतात, म्हणजे ॲक्सिलरेटर थोडा सोडतात. मुक्ता सोडत नाही. आख्ख्या माळव्यात ती एकटीच सोडत नाही, आणि हे सांगताना माझी मान ताठ होते ती होतेच.

त्या दिवशी सकाळी सगळं छान चाललं होतं. श्रीधरने गाडीची पूजा केली, बॉनेटवर कुंकवाने स्वस्तिक काढलं, नारळ फोडला आणि सगळ्यांना पेढे वाटले. त्याचे दोन्ही तळवे लालभडक झालेले.

"काय रे, कुंकवाचा आख्खा डबा सांडलास काय?" मी चिडवलं.

"सांडला थोडा," तो म्हणाला, आणि पेढ्याचा खोका आल्हादच्या हातात देऊन मागे जाऊन उभा राहिला.

आल्हाद म्हणजे मुक्ताचा मोठा भाऊ. गाडी त्यानेच बांधलेली. आत्ता तो धावत जाऊन गाडीखाली घुसला होता आणि ओरडत होता, "आत्या, गाडी में कुछ नहीं था! लिहून देतो!"

त्याच्यामागोमाग शांतपणे चालत आल्या प्रतिभाताई. कोइम्बतूरच्या एका मोठ्या संघाच्या त्या व्यवस्थापक. मूळच्या पुण्याच्या. राष्ट्रीय स्पर्धेसाठी एक ड्रायव्हर निवडायला आल्या होत्या आणि गेले दोन दिवस त्यांची नजर मुक्तावरच होती.

"गाडी ठीक होती म्हणता, मग मुलगी चुकली," त्या म्हणाल्या. "धाडसी पोरं मला ढिगाने मिळतात. गाडीची हद्द कुठे संपते हे न कळणारं धाडस मला नको. उद्या सकाळी आठला शेवटची फेरी आहे. त्याच्या आत मला कारण सांगा. नाहीतर मी सौमित्रला घेऊन जाते, तिच्याखालोखाल वेळ त्याचीच आहे."

मुक्ताने हातमोजे काढून मोडक्या बंपरवर ठेवले आणि गाडीकडे पाठ केली. ते मात्र माझ्याने बघवेना.

२

"मी नेहमीच्याच जागी वळले, आत्या," ती मला एकटीला म्हणाली. "रोज जमतं, आज नाही जमलं. गाडी बाहेर बाहेर जायला लागली, मी स्टीअरिंग आवळलं, आणि तिने पकड सोडली. बस." मग हळूच म्हणाली, "उद्या मला वाटतं, मी पाय उचलेन."

हे ऐकून माझं डोकं सटकलं. एक बंपर मोडला तर दुसरा येतो. पण त्या वळणावर या पोरीने आठ महिने घालवले होते. पहिल्या दिवशी ताशी नव्वदने गेली, मग ब्याण्णवने, मग चौऱ्याण्णवने. लोक त्याला हिंमत म्हणतात. मी बघितलंय ना, ती मोजणी होती. एकदा तिने पाय उचलला की ते आठ महिने गेले.

मी आल्हादकडून दोरी मागितली.

रेल्वेत वळण मोजायची एक जुनी पद्धत आहे. वीस मीटरची दोरी वळणावर ताणून धरायची आणि दोरीच्या मध्यापासून रूळ किती लांब आहे ते पट्टीने मोजायचं. वळण जितकं आवळलेलं, तितकं ते अंतर जास्त. त्यात खोटं बोलता येत नाही. रस्त्यावर टायरचे काळे पट्टे उमटले होते. शुक्रवारच्या सरावाचे फिकट, आजचे ताजे. आल्हादने दोरीचं एक टोक धरलं, मी दुसरं, आणि आम्ही दोघं वळणावर ओणवे होऊन सरकू लागलो. कडेला जमलेली पोरं हसत होती. हसू देत.

शुक्रवारचा पट्टा, सुरुवातीला: तेहतीस सेंटिमीटर. आजचा पट्टा, सुरुवातीला: तेहतीस.

मी पुन्हा मोजलं. पुन्हा तेहतीस.

"मतलब?" आल्हादने विचारलं.

"मतलब असा की तिचा हात काल जसा वळला तसाच आज वळला. घाबरली नाही, माजलीही नाही. गाडीनेही तिचं ऐकलं. वाटेत काही तुटलं असतं तर हा आकडा बदलला असता." मी पुढे चालत गेले आणि पावलं मोजली. "फक्त हे सगळं वीस पावलं आधी सुरू झालंय."

लवकर वळलं की वळणाची आतली कड लवकर गाठली जाते. मग पुढचं उरलेलं वळण जास्त आवळून घ्यावं लागतं, आणि एकशे चाळीसला तेवढी पकड कुठल्याच टायरकडे नसते. गाडी बाहेर फेकली जाते. आगगाडीचंही तसंच आहे, फक्त आगगाडीला स्टीअरिंग नसतं, वळतो तो रूळ; तो जिथून वळायला हवा तिथे आम्ही खांब रोवतो.

खांब! गुरुवारचं जेवण मला लख्ख आठवलं. आमच्याकडे दाल-बाफले होते, सगळे चेकाळले होते, आणि मुक्ता हात नाचवत म्हणाली होती, "हुसैनचाचांची लाल चादर हाच माझा खांब. ती दिसली की माझं काम सुरू!"

मी मान वर केली. वळणाच्या आतल्या बाजूला, तारेच्या कुंपणापलीकडे, कापडावर ठसे छापणाऱ्या छपाईवाल्यांचं वाळवणाचं मैदान आहे. तिथे बांबूंवर लाल चादर वाऱ्यावर हलत होती. काल ती शुक्रवारच्या पट्ट्याच्या सुरुवातीसमोर होती. आज ती आजच्या पट्ट्यासमोर होती.

३

हुसैनभाई छीपा भेरूगढचे जुने छपाईवाले. मुक्ताला लहानपणापासून ओळखतात. मी चादरीकडे बोट दाखवलं तसे ते चमकले.

"ये यहाँ कैसे आई? मैंने तो सुबह सात बजे उधर टाँगी थी, कोने वाले बाँस पे. पहली धूप वहीं पड़ती है, बेनजी. बीस साल से वहीं टाँगता हूँ."

ते मला कोपऱ्यातल्या बांबूपाशी घेऊन गेले. मातीवर लाल थेंबांची रांग होती, अर्धीमुर्धी सुकलेली. तशीच दुसरी रांग वीस पावलांवर, चादरीच्या खाली. म्हणजे चादर ओली असतानाच कोणीतरी उचलून इकडे आणली होती.

"गीली चादर किसी ने हाथ से उठाई," हुसैनभाई म्हणाले, "तो उसके हाथ देख लो. ये रंग साबुन से नहीं जाता. तीन दिन तो पक्का." त्यांनी स्वतःचे हात पुढे केले. चाळीस वर्षांच्या कामाने ते कोपरापर्यंत लालसर झाले होते.

"सकाळी इथे कोणी आलेलं बघितलंत?"

"वो लंबा लड़का आया था. सौमित्र. कुंपण के पास खड़ा था, फोन पे बात कर रहा था." हुसैनभाई आमच्याशी बोलताना असं अधूनमधून मराठी पेरतात. "फिर मैं चाय पीने चला गया."

गुरुवारी जेवायला चौघंजण होतो ज्यांनी मुक्ताची खूण ऐकली. श्रीधर, आल्हाद, सौमित्र आणि मी. मी चादर हलवली नव्हती, एवढं मला खात्रीने ठाऊक होतं. उरले तिघे. आणि मुक्ता हरली तर कोइम्बतूरला जाणारा त्यातला एकच होता.

४

सौमित्र त्याच्या गाडीपाशी पोहे खात बसला होता. त्याच्या पांढऱ्या बुटांवर लाल डाग होते.

"हात दाखव," मी म्हटलं.

तो गोंधळला, पण ताटली ठेवून त्याने हात पुढे केले. स्वच्छ. नखंसुद्धा स्वच्छ.

"बूट कशाने लाल झाले?"

"फोनवर बोलत कुंपणापलीकडे त्या चादरीखाली गेलो होतो, आत्या. रोज सकाळी मी मोड पैदल बघतो. कुठे खडी आली, कुठे ओल आहे..." मग त्याच्या डोक्यात प्रकाश पडला आणि तो ताडकन उभा राहिला. "तुम्हाला वाटतंय मी केलं? मी? जानेवारीत मी तिच्या शेजारच्या सीटवर बसलो होतो! भैरव मोडाला ती ब्रेक लावत नाही, पाय उचलत नाही, चादर आली की नुसता हात वळवते. मी डोळे मिटून घेतले होते. खरं सांगतो. तेव्हापासून मी तिला हरवायला तडफडतोय. पण घड्याळात हरवायचंय. असं नाही."

त्याचा आवाज फाटला होता. तरीही रागाचा आव आणता येतो, आणि हातमोजे घालून चादरही उचलता येते. मी त्याला खाली बसायला सांगितलं.

आल्हादचे हात बघण्यात काही अर्थच नव्हता, ते मनगटापर्यंत ग्रीसने काळे. मी त्याच्याशेजारी गाडीखाली डोकं घातलं.

"आल्हाद, तुला या गाडीची भीती वाटते का रे?"

"रोज," तो म्हणाला. "प्रत्येक वेल्डिंग मी तीनदा बघतो. पण मोडात ती सुरक्षित आहे, आत्या. हे बघ, ब्रेकचे पॅड. सहा महिने झाले, जवळजवळ नवे! सौमित्रचे दोन महिन्यांत झिजतात. भैरव मोडात ती ब्रेकला शिवतच नाही. एकदम साफ जाते."

मी गाडीखालून बाहेर आले, पाठ सरळ केली, आणि तिथेच थबकले. इतका वेळ मी चुकीचा प्रश्न विचारत होते. चादर कोणी हलवली हे विचारत होते. चादर कोणत्या दिशेला हलवली, हे कोणी विचारलंच नव्हतं.

५

घरी गेल्यावर मी वहीच्या पानावर वळण काढलं आणि चहा गार होईपर्यंत त्याकडे बघत बसले.

समजा, मला मुक्ताचा अपघात करायचा आहे, आणि मला वाटतंय की चादर ही तिची ब्रेकची खूण आहे. मग मी चादर पुढे नेईन, मोडाच्या आणखी जवळ, म्हणजे ती उशिरा ब्रेक लावेल आणि बाहेर जाईल. चादर अलीकडे आणली तर ती लवकर ब्रेक लावेल आणि हळू जाईल. एवढंच.

चादर अलीकडे आणली होती.

म्हणजे ज्याने हे केलं, त्याला तिला हळू करायचं होतं. आणि त्याला ठाम वाटत होतं की तिथे ती ब्रेक लावते. सौमित्रला माहीत होतं की ती लावत नाही, तो शेजारी बसून आला होता. आल्हादला माहीत होतं, त्याच्या हातात पॅड होते. रस्त्यावर एखादी खूण दिसली की माणूस ब्रेकच लावणार, असं मनापासून समजणारा आमच्यात एकच माणूस होता.

आणि स्वस्तिक एका बोटाने काढतात. त्याने दोन्ही तळवे लाल होत नाहीत.

मी स्वयंपाकघरात गेले. श्रीधर सिंकपाशी पाठमोरा उभा होता. नळ सोडलेला, साबण हातात, आणि तो तळवे घासत होता. सकाळपासून किती वेळा घासले असतील, कोण जाणे.

"कुंकू एका पाण्याने जातं, श्रीधर," मी म्हटलं.

त्याने नळ बंद केला. वळला नाही.

"ताई, सगळे तिथे आधीच हळू होतात," तो म्हणाला. "सगळे! माझी एकटीच ब्रेक उशिरा लावते, असं मी समजत होतो. आठ महिने मी रोज सकाळी मोबाइलकडे बघत बसतो. मला वाटलं, चादर अलीकडे आली तर ती वीस पावलं आधी ब्रेक लावेल. दोन सेकंद जास्त लागतील. हरेल. हरू दे ना! हरलेली पोरगी घरी तरी येते." त्याचे खांदे हलायला लागले. "आणि मीच तिला भिंतीत घातलं."

मला त्याचा भयंकर राग आला होता, आणि त्याला पोटाशीही धरावंसं वाटत होतं. मी दुसरं केलं. मग पहिलं केलं, चांगलं पाच मिनिटं, पोटभर.

"आता हे कोण सांगणार?" शेवटी मी विचारलं. "मी सांगू शकते. पण मग तिला वाटेल मी पकडून आणलं तुला."

श्रीधरने डोळे पुसले आणि गाडीची किल्ली उचलली. त्या संध्याकाळी तो क्षिप्रेपलीकडे इतका वेगाने गेला की मला शेजारी बसून दोनदा पट्टा चाचपावा लागला.

६

आल्हाद आणि सौमित्र दोघं मिळून बंपर बसवत होते. सौमित्रने स्वतःचा जादाचा रेडिएटर काढून दिला होता आणि त्याबद्दल कोणी काही बोलू नये अशा चेहऱ्याने पाना फिरवत होता. प्रतिभाताई खुर्चीवर बसल्या होत्या, मुक्ता जमिनीवर.

श्रीधरने दोन्ही हात पुढे केले आणि सगळं सांगितलं. एक शब्द गाळला नाही. मी दोरीचे आकडे वाचून दाखवले.

मुक्ताने त्याच्या तळव्यांकडे बघितलं. मला वाटलं, ओरडेल. ओरडलीसुद्धा.

"बाबा, तिथे मी ब्रेक लावतच नाही!"

"आता कळलं," तो म्हणाला.

"विचारायचं ना मला! एकदा तरी विचारायचं!"

"तू सांगितलं असतंस, आणि मी आणखी घाबरलो असतो."

प्रतिभाताईंनी माझ्या हातातली वही घेतली आणि तेहतीसचे दोन आकडे पुन्हा पुन्हा बघितले. "दोन दिवस, एकशे चाळीसचा वेग, आणि हात सेंटिमीटरभरही इकडे तिकडे नाही," त्या म्हणाल्या. "कारण मिळालं मला. पण एक राहिलं. उद्या ती पाय उचलते का, हे मला बघायचंय. भिंतीत गेल्यावर पुष्कळांचा पाय आपोआप उचलला जातो. त्यांचा दोष नसतो."

मुक्ता उठून उभी राहिली. "चादर बाबा धरतील," ती म्हणाली.

"मी?"

"हुसैनचाचांच्या कोपऱ्यातल्या बांबूपाशी. वारा असतो सकाळी, चादर हलते. तुम्ही धरून उभं राहायचं. आणि डोळे मिटायचे नाहीत."

श्रीधर पांढराफटक पडला. ती जागा वळणाच्या आत, कुंपणाच्या पलीकडे, गाडी कधी जातच नाही अशा बाजूला आहे. हे त्याला माहीत होतं, तरी पांढराफटक पडला. मग त्याने मान हलवली.

रविवारी सकाळी आठच्या जरा आधी हुसैनभाईंनी कोपऱ्यातल्या बांबूवर ओली चादर टांगली. मी दोरीने जागा मोजून दिली. श्रीधरने चादरीच्या दोन्ही कडा घट्ट धरल्या. लाल पाणी त्याच्या मनगटांवरून कोपरापर्यंत ओघळत होतं. मी त्याच्यापासून चार पावलांवर, सौमित्र आणि प्रतिभाताई माझ्यामागे.

लांबून आवाज आला. पिवळी गाडी सरळ रस्त्यावर दिसली, आणि मोठी मोठी होत गेली. "उचलेल," सौमित्र पुटपुटला, "आता उचलेल..."

आम्ही सगळे कान लावून होतो. पाय उचलला की इंजिनाचा सूर उतरतो, लहान मुलालाही कळतो. एक क्षण, दुसरा, गाडी चादरीसमोर आली, नाक डावीकडे वळलं, आणि आवाज तसाच चढा, अखंड, आमच्यासमोरून सणसणत गेला. आतली कड, बाहेरची कड, आणि गाडी पुढच्या सरळ रस्त्यावर.

"नाही उचलला!" सौमित्र किंचाळला. त्याने चक्क माझा हात धरून मला गोल फिरवलं. प्रतिभाताईंनी घड्याळ बघितलं, मग मला दाखवलं, आणि म्हणाल्या, "सोमवारी तिकीट पाठवते. वडिलांचंही पाठवू का?"

पण मी त्यांच्याकडे बघत नव्हते. गाडी मोडात शिरल्यावर सगळे तिच्याकडे बघत होते, मी एकटी माझ्या भावाकडे बघत होते. त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. डोळे मात्र उघडे होते. आणि चादर इंचभरही हलली नव्हती.